फोर-बाय-फोरचा शिमगा

मुंबईच्या उपनगरांत फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला जो सर्वांत खडतर प्रदेश पार करावा लागतो, तो म्हणजे सोसायटीचं पार्किंग. जाहिरातीत ती गाडी नदीचं पात्र ओलांडते, वाळूच्या टेकड्या चढते, बर्फातून धावते. पुनर्विकासात मिळालेल्या टॉवरच्या पोटात, लोखंडी पाळण्यांवर गाड्या एकावर एक रचणारं यांत्रिक पार्किंग मात्र कुठल्याच जाहिरातीत नसतं. त्या पाळण्याची उंची ठरवणाऱ्या इंजिनिअरच्या डोळ्यांसमोर साधी छोटी मोटार होती. छतावर घडीचा तंबू, तंबूपुढे दिव्यांची पट्टी आणि पाठीला फावडं बांधलेला राक्षस त्याने कल्पिला नव्हता. त्यामुळे माझ्या बोरिवलीकर मित्राची गाडी इमारतीबाहेर, रस्त्याच्या कडेला, नारळपाणीवाल्याच्या शेजारी उभी असते. वर कावळे बसतात. चारही चाकांत ताकद आहे, पण हलवायची सोय नाही. एकदा हलली की जागा गेली.

अशा गाड्या अलीकडे फार झाल्या. २०२० च्या ऑक्टोबरात नवी थार आली, २०२३ मध्ये जिम्नी आली, आणि गाडी म्हणजे सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं साधन असं मानणारे सज्जन लोक लग्नाच्या पंगतीत ग्राउंड क्लिअरन्सवर बोलू लागले. गाडी घेताना घरात सांगायचं कारण ठरलेलं असतं: २६ जुलै. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तेव्हापासून उपनगरातल्या प्रत्येक अवास्तव खरेदीला तो पाऊस जामीन राहिला आहे. ‘अंधेरी सबवेत पाणी भरलं तर?’ असं विचारून मित्राने बायकोला निरुत्तर केलं. पुढे सबवेत खरोखरच पाणी भरलं, त्या दिवशी त्याने गाडी काढली नाही. चिखल लागला असता. तो लोकलने गेला, लोकल बंद पडल्यावर रुळांतून चालत आला, आणि घरी येण्याआधी गाडीचं कव्हर नीट आहे ना, ते पाहून आला.

आमच्या लहानपणी जीप ही हौसेची वस्तू नव्हती. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलीज जीपचे सुटे भाग जोडायला महिंद्रांनी सुरुवात केली, त्यानंतर कितीतरी वर्षं जीप म्हणजे फौजदार, तहसीलदार, निवडणुकीचा कर्णा, नाहीतर आणीबाणीतलं कुटुंबनियोजनाचं पथक. गावात जीप शिरली की माणसं मागच्या दाराने शेतात पळत. आता शहरातली माणसं हौसेने जीप घेऊन गावात शिरतात आणि गावकरी बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून बघत उभे राहतात. देशात लोकशाही रुजली नाही, असं कोण म्हणतो?

तर या गाडीतून एखाद्या आडबाजूच्या किनाऱ्यावर जायचं, तंबू ठोकायचा, गळ टाकायचा आणि स्वतः पकडलेला मासा स्वतः भाजून खायचा, असा ठराव आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर झाला. आम्ही चौघं. गाडीवाला बोरिवलीकर. खाण्यापिण्याचं खातं सांभाळणारा घाटकोपरकर. अंधेरीकर, म्हणजे आमची मैत्रीण. चौघांत एकटीच शहाणी, त्यामुळे तिचं कुणी ऐकत नाही. आणि मुलुंडचा मी. अट एकच होती: किनारा निर्मनुष्य हवा.

ही अट समजायला उपनगरात राहावं लागतं. सकाळच्या चर्चगेट फास्टमध्ये बोरिवलीचा माणूस परक्या माणसाच्या जितका जवळ उभा असतो, तितकं जवळ उभं राहण्यापूर्वी इतर देशांत लग्न करण्याची पद्धत आहे. २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून घाटकोपरच्या पुलावर माणूस चालत नाही, वाहतो. अशा माणसाला एकांताची जी भूक लागते, ती महाबळेश्वरने भागत नाही. महाबळेश्वरला तीच माणसं स्वेटर घालून भेटतात.

तसा समुद्र आम्हांला परका नाही. मालाडकडे मढ, एरंगळ, अक्सा आहेत. अंधेरीकरच्या घरापासून रिक्षाच्या किमान भाड्यात वेसाव्याचा कोळीवाडा येतो, आणि मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्थाही तिथेच वर्सोव्याला आहे. मुलुंडला समुद्र नसला तरी खाडी आहे, मिठागरं आहेत, हिवाळ्यात पलीकडे रोहित पक्षी येतात. आम्ही समाधानी आहोत. घाटकोपरला फरसाण आहे. बोरिवलीकराच्या तर नाकासमोर, खाडीपलीकडे, गोराई आहे. पण गोराईची गंमत अशी की धक्क्यावरच्या बोटीतून माणूस जातो, दुचाकी जाते, प्रसंगी बकरी जाते. मोटार जात नाही. मोटारीने जायचं तर भाईंदरला जाऊन उत्तनवरून वळसा. म्हणजे बोरिवलीकराला स्वतःची गोराई गाठायला ठाणे जिल्ह्यातून जाऊन परत यावं लागतं. “आणि रविवारी तिथे सगळी बोरिवलीच असते,” मित्र म्हणाला. “मला बोरिवली दिसणार नाही असं ठिकाण पाहिजे.”

ठिकाण निघालं दापोली तालुक्यात, केळशी आणि आंजर्ले यांच्या दरम्यान. नेमकं नाव सांगत नाही. गाव अजून आमच्याबद्दल बोलतंय. तारीख ठरवताना दोन गोष्टी पाहिल्या: सलग सुट्टी आणि चांदणं. मार्चमधली एक पौर्णिमा नेमकी शनिवार-रविवारला चिकटून सापडली. सुट्टी कसली आहे आणि पौर्णिमा कोणत्या महिन्याची, हे कुणाच्या मनात आलं नाही. “अरे, फाल्गुन आहे,” असं अंधेरीकरने लिहिलं होतं. पण तोवर घाटकोपरकराने माणशी किती थेपले यावर मतदान लावलं होतं आणि तिचा निरोप वर सरकून गेला.

बोरिवलीकराची सामग्री पाहण्यासारखी होती. गाडीच्या पुढे विंच, म्हणजे मोटारीने दोरी गुंडाळणारं यंत्र. दोरी अठ्ठावीस मीटर. वाळूत रुतलेल्या चाकाखाली घालायच्या जाड प्लास्टिकच्या फळ्या, केशरी रंगाच्या, अजून वेष्टनात. ‘वेष्टन काढलं की रीसेल जातो.’ हवा भरायचा पंप, हवा मोजायचं घड्याळ, तीन तऱ्हांचे कंदील, घडीच्या खुर्च्या, घडीचं टेबल, घडीचं बेसिन. शिवाय दोन परदेशी रॉड आणि एक डबाभर नकली मासे. हे मासे रबराचे असतात, अंगावर चंदेरी वर्ख असतो, डोळेही रंगवलेले असतात. एकेकाची किंमत ऐकून घाटकोपरकर म्हणाला, एवढ्यात खऱ्या पापलेटची जोडी आली असती. २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्य मासा ठरवलं, तो मान त्याला शोभतो. तो गळाला सहसा लागत नाही, त्याला जाळं लागतं. मोठ्या हुद्द्यावरची माणसं किरकोळ आमिषाला बळी पडत नाहीतच.

प्रवासाबद्दल फार सांगत नाही. बोरिवलीहून निघून अंधेरी, तिथून घाटकोपर, एवढं होईपर्यंत उजाडलं होतं. मी लोकलने घाटकोपरला येऊन उभाच होतो. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चालू आहे आणि त्यावरचे विनोद आता कामापेक्षा जुने वाटू लागलेत. त्या दिवशी मात्र रस्त्यापेक्षा रस्त्यावरची माणसं लक्षात राहिली. पेणपासून माणगावपर्यंत गाड्यांची जी रांग होती तीत एकही प्रवासी पर्यटकासारखा दिसेना. गाडीगाडीत आजी, पिशव्या, ढोल. एसटीच्या जादा गाड्यांतून डोकी बाहेर आलेली. कुणाच्या टपावर दुमडलेली गादी.

“शिमग्याला चाललेत सगळे,” अंधेरीकर म्हणाली.

गाडीत शांतता पसरली. गणपतीला चाकरमानी कोकणात जातो तो रजा घेऊन. शिमग्याला जातो तो रजा नामंजूर झाली तरी. देवळातला देव पालखीत बसून घरोघर येतो, त्या दिवशी घर बंद ठेवणं कोकणी माणसाला जमत नाही. वर्षभर कुलूप असलेल्या वाड्यांना त्या आठवड्यात अंथरुणं पुरत नाहीत. आणि आम्ही त्या मुहूर्तावर एकांत शोधायला निघालो होतो.

“पण किनाऱ्यावर कोण येणार?” बोरिवलीकर म्हणाला. “सगळे देवळात असतील.”

श्रीवर्धन बाजूच्या बागमांडल्याहून पलीकडच्या वेसवीला जायला फेरीबोट आहे. सावित्रीच्या मुखावर, बाणकोटच्या किल्ल्यासमोर, ही बोट गाड्या घेऊन शांतपणे इकडून तिकडे करत असते. आमच्या पुढच्या गाडीतल्या काकांनी खाली उतरून आमच्या गाडीला प्रदक्षिणा घातली, विंच दाबून पाहिला आणि विचारलं, “बोअरवेलचं काम करता काय?” काका भांडुपचे निघाले. त्यांच्या मागचे नालासोपाऱ्याचे. बोटीवर रत्नागिरी जिल्ह्याचं माणूस फक्त तिकीट फाडणारं होतं.

संध्याकाळी किनाऱ्यावर पोचलो तेव्हा मात्र बोरिवलीकराचं म्हणणं खरं वाटलं. पाणी इतकं मागे गेलं होतं की समुद्र वेगळ्या गावचा वाटावा. मागे सुरूचं बन, पुढे दूरवर ओली, टणक, आरशागत वाळू, आणि माणूस नावालाही नाही. बनाच्या तोंडाशी ‘समुद्रकिनाऱ्यावर वाहने नेण्यास सक्त मनाई’ अशी पाटी होती. पाटी गंजली होती; गंजलेला कायदा रद्द समजावा, असं मत पडलं. सुकी भुसभुशीत वाळू गाडीने झोकात पार केली, ओल्या वाळूवर दोन गोल चकरा मारल्या आणि पाण्याच्या अगदी जवळ, सर्वांत टणक जागी, मुक्काम पडला. छतावरचा तंबू फुलला. खुर्च्या उघडल्या. घाटकोपरकराने चटणीची बाटली काढली.

“कुणाकडं आलाव?”

मुलगा दहा-बारा वर्षांचा असेल. कुठून उगवला ते कळलं नाही. हातात लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला तंगूस, टोकाला गरी, कमरेला पिशवी.

कोकणात या प्रश्नाला उत्तर असावंच लागतं. ‘कुणाकडेच नाही’ हे उत्तर तिथे धरत नाहीत. माणूस आला आहे, म्हणजे कुणाकडे तरी आला आहे. सांगत नसेल तर भांडून आला आहे. आम्ही सांगितलं की आम्ही फिरायला आलोय, इथेच राहणार, वाळूत. मुलाने तंबूकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि दया आल्यासारखा म्हणाला, “का? आमच्याकडं जागा हाय.”

तो गेला नाही. पाण्यात गुडघाभर उतरून त्याने पिशवीतल्या कोळंबीचा तुकडा गरीला लावला आणि तंगूस हवेत फिरवून फेकला. बोरिवलीकराने रॉड जोडला, रीळ बसवलं, चष्मा बदलला, वाऱ्याची दिशा पाहिली आणि चंदेरी रबरी मासा दूर भिरकावला. पुढच्या तासाभरात मुलाने सडपातळ, वाळूच्या रंगाच्या चार-पाच मुडदुश्या काढल्या. आमच्या रॉडला एकदाच जोराचा हिसका बसला. ‘जिताडा असणार!’ मित्र ओरडला. दोन्ही पाय रोवून, अंग मागे टाकून त्याने जे बाहेर ओढलं तो मूठभर मासा बाहेर येताच फुगला आणि चेंडूएवढा होऊन आमच्याकडे तुच्छतेने पाहू लागला.

“केंड,” मुलगा म्हणाला. “विषारी आस्तो. टाका परत.”

केंड जाळी कुरतडतो म्हणून कोळी त्याच्यावर खार खाऊन असतात. किनारपट्टीवर ज्या माशाला कुणी विचारत नाही, तो परदेशी आमिषाला भुलला, याचं समाधान करून घ्यावं लागलं.

“तुझे मासे विकतोस का?” घाटकोपरकराने हळूच विचारलं.

“आज न्हाय. उद्याच्या धुळवडीला हायेत. आज घरात पुरणपोळी.”

अंधारू लागलं तेव्हा बोरिवलीकराने आयुष्यात पहिल्यांदा दिव्यांची पट्टी लावली. किनारा असा उजळला की सुरूच्या झाडांवरचे बगळे सकाळ झाली म्हणून उठले. त्याबरोबर बनातून विजेरीवर लाल कागद लावलेले एक गृहस्थ धावत आले. कासवमित्र. वेळासला २००२ च्या सुमारास सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, आणि मग हे काम केळशी-आंजर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने पसरलं. ऑलिव्ह रिडलेची मादी थंडीत रात्री वाळूत येऊन शंभराच्या आगेमागे अंडी घालते, जाळीच्या कुंपणात ती राखतात, आणि मार्चच्या आसपास पिल्लं निघून समुद्राकडे चालू लागतात. पाण्यावरची उजळ रेघ हा त्यांचा रस्ता. “तुमचा दिवा बघितला तर सगळी तुमच्या गाडीखाली येतील,” गृहस्थ म्हणाले. “आणि चाकाखाली कुठं घरटं असलं तर संपलंच. पाटी वाचली नाही?” अंधेरीकरने आम्हां तिघांकडे पाहिलं. दिवे विझले.

“बरं, गाडी इथं रात्रभर ठेवणार?” त्यांनी विचारलं.

“हो. का?”

“आज पुनव.”

“म्हणून तर आलो.”

गृहस्थांनी क्षणभर विचार केला, बहुधा कुठून सुरुवात करावी याचा. मग त्यांनी आम्हांला कोकणातल्या कुठल्याही आजीला येतं ते गणित सांगितलं. तिथीचा आकडा घ्यायचा, शुद्ध असो की वद्य. त्याची पाऊणपट करायची. ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा पंधरावी, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराच्या सुमाराला पाणी भरणार, आणि अष्टमीच्या भांगासारखं लेचंपेचं नव्हे, पुनवेचं उधाण. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, म्हणून पाणी जितकं वर चढतं तितकंच आधी मागे जातं. संध्याकाळी आम्हांला जो अफाट किनारा मिळाला होता तो किनारा नव्हताच. तो समुद्राचा तळ होता, तासाभरासाठी उघडा पडलेला.

वाईट एवढ्याचंच वाटलं की यातलं काही आम्हांला नवीन असायचं कारण नव्हतं. दर पावसाळ्याच्या तोंडावर मुंबई महापालिका साडेचार मीटरच्या वर जाणाऱ्या भरत्यांचं वेळापत्रक काढते आणि आम्ही चौघंही ते एकमेकांना पाठवतो. वाचत कुणी नाही. आणि तिथी? घाटकोपरकराच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे. त्यावर दुधाचा हिशेब लिहितात.

“आठपर्यंत पाणी हितं लागंल,” मुलगा म्हणाला आणि गंमत बघायला वाळूत बसला.

पुढचं सगळं त्या मुलाने आतापर्यंत अनेकदा सांगितलं असणार, तेव्हा मी थोडक्यात उरकतो. तासभर उभ्या असलेल्या गाडीखाली ओल्या वाळूतलं पाणी वर आलं होतं आणि टणक वाटणारी जमीन आतून मऊ झाली होती. चारही चाकांना जोर देणारा फोर-हाय गिअर लावला, चाकं फिरली, गाडी खाली गेली. फोर-लो लावला, चाकं सावकाश फिरली, गाडी सावकाश खाली गेली. टायरमधली हवा निम्म्यावर आणली की चाक पसरतं आणि वाळूवर तरंगतं, हे पुस्तकी ज्ञान आम्हां सर्वांना होतं. पण रिम घासेल म्हणून बोरिवलीकर हवा सोडू देईना. फळ्यांचं वेष्टन निघता निघेना. शेवटी दातांनी फाडलं, तोवर चाकं ॲक्सलपर्यंत बुडाली होती. विंच उरला. विंचला बांधायला झाड लागतं. सर्वांत जवळचं सुरूचं झाड दोनशे पावलांवर, दोरी अठ्ठावीस मीटर. मग व्हिडिओत पाहिलेली युक्ती: स्टेपनी वाळूत खोल पुरायची आणि तिला दोरी बांधून गाडी ओढायची. अर्धा तास खणून पुरली. यंत्र सुरू झालं. गाडी जागेवर राहिली. स्टेपनी वाळूतून उसळून बाहेर आली आणि धावत गाडीला येऊन भेटली.

टाळ्या पडल्या तेव्हा मागे वळून पाहिलं. निर्मनुष्य किनाऱ्यावर चाळीसेक माणसं होती. मुलाने कुणाला निरोप पाठवल्याचं दिसलं नव्हतं, पण कोकणात निरोप पाठवावा लागत नाही. बायका सुरूखाली बसल्या होत्या. एकीने चहाची किटली आणली होती. सूचनांचा पाऊस पडत होता आणि आवाजांचे सूर मला ओळखीचे वाटत होते. हळूहळू उलगडा झाला. एक जण बोरिवलीत शिंपोलीला राहतो. दोघे भाऊ घाटकोपरच्या असल्फ्याला. एका काकांचं मरोळला इस्त्रीचं दुकान. एक ताई तर मुलुंडला आमच्याच रस्त्यावरच्या शाळेत शिपाई, “तुम्ही रोज वडापाव खाता ना कोपऱ्यावर?” असं त्यांनी चारचौघांत विचारलं.

अजून एक धक्का बाकी होता. बनातून ट्रॅक्टर धडधडत आला. चालवणारा तरुण उतरला, गाडीकडे पाहून हसला आणि म्हणाला, “बोला, कुठं सोडू?” मुलुंड स्टेशनबाहेर रिक्षा लावणारा! ‘येणार का?’ असं विचारलं की जो दर संध्याकाळी माझ्या डोक्यावरून क्षितिजाकडे पाहतो, तो. जवळचं भाडं नको असतं त्याला. इथे तो दोनशे पावलांसाठी, वाळूतून, न बोलावता आला होता. ट्रॅक्टर जुना, लाल, त्याच्या चुलत्याचा. कांदिवलीच्या कारखान्यातला. म्हणजे आम्ही बोरिवली दिसू नये म्हणून जे ठिकाण शोधलं तिथे बघे बोरिवली-घाटकोपरचे, ड्रायव्हर मुलुंडचा, आणि ट्रॅक्टरसुद्धा पश्चिम रेल्वेवरचा.

वाळूत गाडी घालायची हौस आमची एकट्यांची नाही. २०२४ सरता सरता रेवदंड्याला कुणाची तरी फेरारी रुतली, ती बैलगाडीला बांधून बाहेर काढली. ते चित्रण देशभर पाहिलं गेलं. लोक हसले, पण त्यात नवल काही नाही. हर्णैला मासळी उतरवायला बैलगाड्या पाण्यात जातात, लिलाव होतो, गाड्या परत येतात. चाकं दोन, पाय आठ, आणि पाणी कितपत चढलंय ते बैलाला तिथी न विचारता कळतं.

ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली तेव्हा पहिली लाट तंबूची शिडी चाटून गेली होती. बोरिवलीकराने पाकीट काढलं. रिक्षावाला दोन पावलं मागे झाला. “पैसे काय देता? शिमग्याचं पोस्त द्या.” पोस्तात घासाघीस चालत नाही, हे आम्हांला तिथे समजलं. मीटर असता तर बरं झालं असतं.

रात्री एकांत कसला? होम पेटला, पालखी नाचली, आणि दरवर्षी गावातल्या भांडकुदळाच्या नावाने मारली जाणारी बोंब यंदा सर्वानुमते आमच्या गाडीच्या नावाने मारण्यात आली. पहिली बोंब अंधेरीकरची होती. मासळीचा वासही कुठे नव्हता. पालखी फिरत असताना चुलीवर मासा चढत नाही. पुरणपोळ्या आल्या, त्यावर घाटकोपरकराचे थेपले गावाने आवडीने खाल्ले आणि ‘ही मेथीची भाकरी कशी करतात’ ते बायकांनी त्याच्याकडून उतरवून घेतलं. आम्ही मुलाच्या घरी पडवीत झोपलो. छतावरचा तंबू अंगणात उघडा होता. त्यात चढायला मुलांची रांग लागली, मग मोठ्यांची लागली, आणि पहाटे तिथे दोन आजोबा गाढ झोपलेले सापडले.

निघताना कळलं की आमच्या गाडीचं काम आता सुरू होणार आहे. “एवढी मोठी गाडी रिकामी कशाला नेता?” घरधनीण म्हणाल्या. भाजीचे कोवळे फणस, नारळ, कोकम, कुळथाचं पीठ, सुकटीच्या पिशव्या, लोणच्याची बरणी; प्रत्येकावर खडूने पत्ता: शिंपोली, मरोळ, भांडुप, असल्फा. खुर्च्या आणि घडीचं बेसिन शेवटी आमच्या मांडीवर आले. शिंपोली, मरोळ, भांडुप, असल्फा. त्यानंतर बोरिवलीकर संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर उपनगरांच्या गल्ल्यांतून फणस वाटत फिरला. असल्फ्याची वस्ती टेकडीवर आहे, बोळ अरुंद, चढ उभा. तिथे मागून टेम्पो हॉर्न देत असताना, पुढे पाण्याची पिंपं आडवी आलेली असताना त्याने फोर-लो लावला, आणि गाडी न घसरता, न रुतता वर चढली. मी शेजारी होतो. त्याचा चेहरा जाहिरातीतल्या माणसासारखा झाला होता.

वर मावशी दारातच उभ्या होत्या. पोतं उघडून त्यांनी आतला एकुलता एक फणस पाहिला, वाजवला.

“एवढंच?” त्या म्हणाल्या. “गेल्या वर्षी एसटीच्या कंडक्टरने तीन आणले होते. त्यांच्याकडे जागा असते म्हणा.”